तीन नंबरचं शून्य

४ मार्च

प्रिय मामा,

फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या इमारतीला ऐकवायचं, आणि एवढं करून शेवटी तू 'काय म्हणालीस?' म्हणणारच. तीस वर्षं त्या कॉम्प्रेसरच्या उशाशी काढलीस, कानांनी तरी किती सोसायचं? म्हणून हे पत्र. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर वाच आणि दोन बोटांनी का होईना, उत्तर टाइप कर.

तुमच्या शीतगृहात बसवलेला नवा स्क्रीन आमच्या कंपनीचा आहे, हे आईने तुला सांगितलंच असेल. तिने ते ओळखीच्या सगळ्यांना सांगितलंय. त्यातला आकडे वाचायचा भाग मी लिहिलाय. मागच्या खेपेला तू विचारलं होतंस ना, "ठमे, तू दिवसभर नक्की करतेस काय?" तर ऐक. तुमच्या सहा थंड खोल्यांत, थंडावा करणारा अमोनिया वायू गळतोय का हे मोजणारे सहा मीटर आहेत. प्रत्येक मीटर दर दहा सेकंदांनी इंटरनेटवरून एक चिठ्ठी पाठवतो: मी अमक्या खोलीचा, इथल्या हवेत अमोनिया इतका. चिठ्ठीचा साचा ठरलेला असतो, पण बाहेरून आलेल्या चिठ्ठीवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. कधी आकडाच नसतो, कधी आकड्याच्या जागी भलतंच काही येऊन बसतं.

मी ज्या भाषेत लिहिते ती फार कडक आहे. प्रोग्राम चालू होण्याआधी तिचा तपासनीस ओळ न् ओळ बघतो. त्याला आम्ही कंपायलर म्हणतो. आकडा म्हटलं की त्याला आकडाच लागतो. वर हेही विचारतो, की आकडा मिळाला नाही तर काय करणार, ते आधी लिहून दे. तुमचा तो जुना फोरमन नव्हता का, पाना जागेवर ठेवल्याशिवाय कुणाला घरी न सोडणारा? तसलाच. मी लिहून दिलं तेव्हा कुठे सुटका झाली.

आता वापरून बघ आणि सांग. खोटी स्तुती नको, ती करायला आई आहे.

तुझी,
ठमाबाई

९ मार्च

चि. ठमाबाईस अनेक आशीर्वाद.

तुझा स्क्रीन झकास आहे. खोटी स्तुती नाही. पूर्वी दर तासाला सहाही खोल्यांत फेरी मारावी लागायची. जाडजूड दार ओढून उघडायचं, आत जायचं, नाक वर करून हुंगायचं, वहीत 'ठीक' लिहायचं, पुढचं दार. नवीन माणूस कामावर घेताना फोरमन आधी त्याचं नाक तपासायचा. आता साहेब म्हणाले, स्क्रीन आलाय तर फेरी पाळीत एकदाच पुरे. माझे गुडघे तुला दुवा देतात.

पाच मीटर सारखी चुळबुळ करत असतात. एक नंबर कधी दोन दाखवतो, कधी तीन, पुन्हा एक. दाराशी ट्रक लागला की पाच नंबर सातवर जातो. पण आमचा तीन नंबर! तिथला मीटर मागच्या महिन्यात बदलला, नवा कोरा आहे. बसवल्यापासून शून्य म्हणजे शून्य. हलायचं नाव नाही. मास्तर त्याच्यावर खूश आहे. मास्तर म्हणजे तीन नंबरमध्ये मटाराच्या पेट्या रचतो तो, पूर्वी शिकवण्या घ्यायचा म्हणून मास्तर. तो म्हणतो, वर्गात असा एखादाच गुणी असतो.

घरी मात्र मी गुणी नाही. परवा मामी गॅसवर दूध ठेवून अंघोळीला गेली. मी हाताच्या अंतरावर पेपर वाचत बसलेलो. दूध उतू गेलं, पातेलं करपून काळं झालं, मला पत्ताच नाही. म्हणते, कान गेले ते गेले, आता लक्षही गेलं.

आईला सांग, गुडघ्याचं तेल पोचलं.

तुझा,
मामा

११ मार्च

प्रिय मामा,

घाईत लिहितेय. तीन नंबर शून्य दाखवतो म्हणजे कायम शून्य? एकदाही एक झालेला नाही? अर्धासुद्धा नाही?

काळजीचं काही नाही, नेहमीची तपासणी आहे. पण माझं एक काम कर. आजच तीन नंबरमध्ये जा, पेट्यांच्या मागे पार शेवटच्या भिंतीपर्यंत, आणि तिथे नीट वास घे. हातात धरायचा मीटर असेल तर तोही ने. नसेल तरी तुझं नाक पुरे. शाळेतून येताना मी चोरून पेपरमिंट खाल्लेलं तू, मी दाराबाहेर असतानाच, ओळखायचास, आणि मग आईला न सांगण्याबद्दल अर्धं मागायचास.

एका ओळीचं उत्तर चालेल, पण लगेच दे.

ठमा

१२ मार्च

चि. ठमाबाईस,

हुकूम सर आँखों पर. काल संध्याकाळी गेलो, पार मागच्या भिंतीपर्यंत. पाच मिनिटं उभा राहिलो. कसलाही वास आला नाही. निर्धास्त राहा.

हातातला मीटर साहेबांच्या कपाटात असतो. किल्ली मागायला गेलो तर म्हणाले, "तो स्क्रीन काय शोभेला लावलाय?" खरंच आहे म्हणा. माझ्या भाचीने केलाय, चुकेल कसा?

बाकी ठीक. आत थंडीने डोळ्यांना पाणी आलं, ते या वयात येतंच. मास्तरचेही डोळे लाल झालेत, सर्दीने नाक चोंदलंय आणि खोकतोय. त्याला म्हटलं, मोबाइलमध्ये तोंड घालून बसायचं कमी कर.

नोकरीची दोन वर्षं राहिली. ती अशीच पार पडू देत म्हणजे झालं.

तुझा,
मामा

१६ मार्च

प्रिय मामा,

तुझं उत्तर वाचून माझा जीव भांड्यात पडला. चार दिवस तुला लिहायला हात उचलत नव्हता. आज खरं सांगते.

तीन नंबरचं ते शून्य मीटरचं नाही. माझं आहे.

कंपायलर अडून बसायचा, असं मी तुला मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं ना? आकडा वाचता आला नाही तर काय करू, हे तो विचारत होता. सोमवारी स्क्रीन चालू करायचा होता आणि शुक्रवारची संध्याकाळ झाली होती. मी वैतागून लिहिलं, शून्य धर. तो गप्प बसला. त्याला उत्तर हवं होतं, ते मिळालं. ते उत्तर शहाणपणाचं आहे की मूर्खपणाचं, हे त्याला कळत नाही. ते मला कळायला हवं होतं.

खरा मीटर कधी पूर्ण स्थिर नसतो, तू लिहिलंस तशी चुळबुळ करतो. म्हणून तुझं 'हलायचं नाव नाही' वाचलं आणि मी आधी माझी ती ओळ उघडून बघितली. नव्या मीटरच्या चिठ्ठीतला आकडा माझ्या प्रोग्रामला वाचताच येत नाहीये, आणि स्क्रीन तुम्हाला सांगतोय की हवा स्वच्छ आहे. चिठ्ठीत खरं काय येतं ते मलाही माहीत नाही, कारण वाचता न आलेली चिठ्ठी प्रोग्राम फेकून देतो. मीटर बनवणाऱ्यांकडे त्यांच्या नोंदी मागितल्या आहेत.

दुरुस्ती तयार आहे. ती तुमच्याकडे चढवायला आमच्या साहेबांची सही लागते आणि ते गुरुवारी बसतात. धोका आहे असं लिहिलं असतं तर त्याच दिवशी झालं असतं. मी 'किरकोळ सुधारणा' असं लिहिलं. माझी चूक सगळ्यांसमोर येईल याची भीती वाटली, मामा. मनाची समजूत घातली, की तिथे मामाचं नाक आहे, काही असतं तर त्याला आधी कळलं असतं.

गुरुवारपर्यंत रोज एकदा तीन नंबरमध्ये वास घेत जा. रागाव, पण हे कर.

ठमा

१७ मार्च, दुपारी ३.४०

ठमे,

पत्र आत्ता वाचलं. मला वास येत नाही. दोन वर्षं झाली, तो मोठा ताप आला होता तेव्हापासून. कुणालाच सांगितलं नाही, मामीलासुद्धा. मी तुझ्या स्क्रीनच्या भरवशावर होतो.

मास्तर आणि आणखी एक जण आत्ता तीन नंबरमध्ये आहेत. मी जातो. तू आमच्या साहेबांना फोन कर, मला फोनवर ऐकू येणार नाही.

१७ मार्च, दुपारी ३.५४

मामा, बाहेर आलास की नुसतं 'आलो' लिही.

गेटवर फोन केला, त्यांनी तुमच्या साहेबांना जोडून दिला. मी सांगितलं, तीन नंबर रिकामा करा. ते म्हणाले, "स्क्रीन माझ्यासमोर आहे, बाई. तीन नंबर शून्य दाखवतोय. तुमचाच स्क्रीन ना?" मी म्हटलं, ते शून्य खोटं आहे, मीच लिहिलंय. म्हणाले, "मग बाकीचे पाचही खोटे समजायचे का?" आणि फोन ठेवला.

दुपारी ४.०५

मीटरवाल्यांच्या नोंदी आत्ता आल्या. आकडा येत होता, मामा. रोज, दर दहा सेकंदांनी. नवा मीटर तो अवतरणचिन्हांत घालून पाठवतो, म्हणजे आकडा म्हणून नाही, मजकूर म्हणून. माझ्या भाषेला आकड्याच्या जागी मजकूर चालत नाही. तिने तो नाकारला. बरोबर केलं तिने. मग माझी ओळ आली आणि म्हणाली, शून्य.

एक तारखेला चार होता. तू वास घ्यायला आत गेलास त्या संध्याकाळी एकतीस. आज सकाळी अठ्ठावन्न. पंचवीसला घंटा वाजायला हवी होती. ३.४७ला तीनशे दहा. ३.५१नंतर चिठ्ठीच आलेली नाही.

दुपारी ४.४०

अग्निशमन दलाला कळवलंय, ते निघालेत. गेटवर आता कुणीच फोन उचलत नाही. मामीचा फोन आला होता, तुझी पाळी सुटायची वेळ झाली म्हणून येताना काय आणायचं ते विचारत होती. नंतर सांगते म्हणून मी फोन ठेवला.

मामा, 'आलो' एवढंच लिही.

२० मार्च

चि. ठमे,

मी मामी. तुझे ते तीन निरोप ऑफिसातल्या बाईंनी छापून आणून दिले, तेव्हा वाचले.

हे आणि मास्तर, दोघंही जिवंत आहेत. तो दुसरा माणूस दाराशीच होता, खोकत आपणहून बाहेर पळाला. मास्तर आत मागच्या भिंतीशी होता. यांनी तोंडाला ओला रुमाल बांधला आणि आत जाऊन त्याला काखेत धरून ओढत आणलं. दारापर्यंत जवळजवळ पोचले होते. चार पावलं राहिली असताना वरच्या पाइपाचा जोड सुटला आणि वायू दोघांच्या तोंडावर आला, तरी कसेबसे बाहेर पोचले. दोघांच्या छातीत जळजळ आहे, ती बरी होईल म्हणतात. डोळ्यांचं अजून कळत नाही. दोघांच्याही डोळ्यांवर पट्ट्या आहेत.

यांना आधीच ऐकू येत नाही, आता दिसतही नाही. माझा हात सोडत नाहीत. उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर कळतं. तू पत्र पाठवलंस तर मी तसंच वाचणार, म्हणजे ते सगळ्या वॉर्डाला ऐकू जाणार. पलीकडच्या खाटेवर मास्तर आहे आणि त्याच्या पायाशी त्याची बायको बसलेली असते. तिला अजून काही माहीत नाही. तेव्हा काय लिहायचं ते विचार करून लिही.

नाकाचं यांनी इथे सांगितलं, तेव्हा ते करपलेलं दूध माझ्या ध्यानात आलं. दोन वर्षं मी रोज विचारते, "कशी झालीय भाजी?" आणि हे रोज म्हणायचे, "फक्कड!"

तुझी,
मामी

२१ मार्च

प्रिय मामी,

हे पत्र मोठ्याने वाच. एकही ओळ गाळू नकोस, आणि मास्तरांच्या बाईंना ऐकू जाईल असं वाच.

मामा, मास्तर, मास्तरांच्या घरच्या बाई. तीन नंबरच्या खोलीत वायू गळत होता आणि मीटर ते सांगत होता. मी लिहिलेल्या प्रोग्रामला त्याचा आकडा वाचता आला नाही. वाचता आला नाही तर काय दाखवायचं, हे मीच ठरवलं होतं. शून्य मी लिहिलं. चूक आहे असं मला सहा दिवस आधी वाटलं होतं. तेव्हाही मी कुणाला धोका म्हणून कळवलं नाही, कारण मला माझी लाज वाटत होती. यात मीटरची चूक नाही आणि मास्तरांची तर मुळीच नाही.

हे सगळं मी कंपनीला सहीनिशी लिहून दिलंय. चौकशी बसली आहे, मला कामावरून बाजूला केलंय. तेच शून्य आणखी अकरा शीतगृहांत होतं. तिथे सगळीकडे आम्ही बदललं. आता आकडा वाचता आला नाही तर स्क्रीनवर लाल अक्षरांत 'माहीत नाही' असं येतं आणि घंटा वाजते. हे लिहायला मला वीस मिनिटं लागली. त्या शुक्रवारी मी ती वीस मिनिटं दिली नाहीत.

मामा, एक विचारू? तुमची दर वर्षी वैद्यकीय तपासणी होते. वास येत नसताना तू दोन वर्षं पास कसा झालास?

मी यायला निघू का? तू ये म्हणालास तरच येईन.

ठमा

२४ मार्च

चि. ठमाबाईस अनेक आशीर्वाद.

मी सांगतोय, मामी लिहितेय. मधे मधे रडतेय, तेव्हा काही सुटलं तर तिला विचार.

तुझं पत्र तिने परवा तिच्या त्या ठेवणीतल्या आवाजात वाचलं. नर्स औषधांची ट्रॉली घेऊन आली होती ती थांबली म्हणे. वाचून झालं, आणि मामीने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, कुणीतरी मारायला आलं. कुणी आलं नव्हतं. मास्तरच्या बायकोने फक्त सांगितलं, ती एक ओळ परत वाचा. कुठली? तर, 'शून्य मी लिहिलं.' मामीने परत वाचली. मास्तर खोकत बायकोला म्हणाला, "आता यांना नाकाचं विचार." मग माझी पाळी आली.

तपासणीच्या कागदावर एक प्रश्न असतो, 'वास येतो का?' पुढे दोन चौकटी, 'हो' आणि 'नाही'. 'हो' लिहायला हात धजेना. 'नाही' लिहिलं तर दुसऱ्या दिवशी घरी. मी दोन्ही वर्षं ती जागा कोरी सोडली. कारकुनाला कागद पुढे सरकवायचा होता. कोरी जागा दिसली, त्याने 'हो'वर खूण केली. मी समोरच उभा होतो, ठमे. बघत होतो. गप्प बसलो आणि बाहेर येऊन चहा प्यायलो. हे सगळं मी इथे वॉर्डात मोठ्याने सांगितलं. किती मोठ्याने ते मला कळत नाही, पण मामी म्हणते, खालच्या मजल्यावरही गेलं असेल.

तुझ्यावर रागवायचं म्हणून दोन दिवस ठरवतोय. राग येतो, आणि मग त्या कारकुनासमोर उभा असलेला मी आठवतो. आता नुसती भीती वाटते. दिसत नाही, ऐकू येत नाही, वास तर नाहीच. मामीचा हात सुटला की मी कुठे आहे तेच समजत नाही. खाट आहे की तीन नंबरची फरशी, हे हाताने चाचपून बघावं लागतं.

सोमवारी पट्ट्या काढणार आहेत. काल मास्तरच्या बायकोने डॉक्टरांना विचारलं, "दिसेल ना यांना?" ते म्हणाले, "आत्ता सांगता येत नाही." माझ्याबद्दल मामीने विचारलं, तर तेच. मामी चिडली. म्हणते, "'होईल ठीक' म्हणायला यांचं काय जातं?" मी म्हटलं, नको. नाही कळत तर नाही कळत म्हणू देत.

तू ये. मास्तरच्या बायकोला मी विचारून घेतलं. ती हो म्हणाली नाही, नकोही म्हणाली नाही. तरी ये.

आणि सोमवारचं सांगून ठेवतो. मला दिसलं तर मी स्वतः दोन बोटांनी तुला पत्र टाइप करेन, चुकांसकट, म्हणजे तुला लगेच ओळखू येईल. पत्र आलं नाही, तर सगळं ठीक असेल असं धरून बसू नकोस. फोन कर आणि मामीला विचार.

तुझा,
मामा